ताई, त्या यादीबद्दल मनापासून आभार

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नेहमीचा मजकूर पुन्हा पुन्हा टाइप करण्यातून सुटका कशी करायची, हे तुम्ही मला शिकवलंत, आणि ते दिवसभर तेच ते टाइप करणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे.

ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देणं हे माझं काम. 'आपली विनंती मिळाली', 'पुढील कागदपत्रं जोडावीत', 'आपला अर्ज क्रमांक असा आहे', त्याच ओळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. जुन्या ईमेलमधून मजकूर उचलायचा तर आधीच्या ग्राहकाचं नाव त्यात राहून जाईल ही सततची धास्ती. मनगट दुखायचं ते वेगळंच.

तुमच्याकडे मदत मागितली तेव्हा वाटलं होतं, एखादं सॉफ्टवेअर सुचवाल. तुम्ही मात्र काहीच इन्स्टॉल करू दिलं नाहीत. 'आधी नुसती यादी कर,' म्हणालात. काय लिहिलं, कुठे लिहिलं, आणि दरवेळी त्यातलं काय बदललं, असे तीन रकाने. खरी गोम त्या तिसऱ्या रकान्यात होती. काही मजकूर कधीच बदलत नव्हता. काहींत फक्त नाव, तारीख किंवा क्रमांक बदलत होता. आणि तक्रारीला दिलेलं उत्तर दरवेळी वेगळं होतं. त्याच्यापुढे तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंत, 'हे हातानंच.' त्या दोन शब्दांसाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. वैतागलेल्या माणसाला साच्यातलं उत्तर गेलं की तो आणखी वैतागतो, हे मला त्या यादीमुळे दिसलं.

मग आपण एस्पान्सो बसवलं, म्हणजे दोन-चार अक्षरं टाइप केली की त्यांच्या जागी आधी ठरवलेला पूर्ण मजकूर आणणारं सॉफ्टवेअर. मोफत, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. एका साध्या फाइलमध्ये वर ट्रिगर, म्हणजे ती ठरवलेली अक्षरं, आणि खाली त्याचा मजकूर लिहायचा, ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा मात्र काटेकोर सांभाळायच्या. आपला पहिला ट्रिगर होता सेमीकोलन, के, डी. तेवढं टाइप केलं आणि कागदपत्रांची अख्खी यादी समोर आली! सुरुवातीला सेमीकोलन का, हेही तुम्ही सांगितलंत: नुसतं के-डी ठेवलं तर एखाद्या भलत्याच शब्दाच्या पोटात ती अक्षरं आली की तिथेही यादी उमटेल. सेमीकोलनला लागूनच अक्षर असं सहसा कुणी लिहीत नाही. आजची तारीख आपोआप घालणं, मजकूर आल्यावर कर्सर नेमका नावाच्या जागी आणून ठेवणं, हेही त्याच बैठकीत झालं.

मराठीची अडचण तर तुमच्याशिवाय सुटलीच नसती. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना सेमीकोलनच्या कळीवर 'च' उमटतो, म्हणून ट्रिगर ओळखलाच जात नव्हता. ट्रिगरपुरतं इंग्रजीवर जायचं आणि फाइलमध्ये मजकूर देवनागरीत ठेवायचा, तो जसाच्या तसा येतो, ही तुमची युक्ती. फोनवर तर काही बसवावंही लागलं नाही. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात शब्दासोबत शॉर्टकट देता येतो आणि आयफोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये टेक्स्ट रिप्लेसमेंट असतंच.

फॉर्म भरण्याचं काम ब्राउझरच्या ऑटोफिलवर, म्हणजे साठवलेली माहिती आपोआप भरणाऱ्या सोयीवर, सोपवलंत, पण डोळे मिटून नाही. फॉर्म बनवणाऱ्यानं कोडमध्ये प्रत्येक चौकटीची ओळख नीट लिहिली असेल तर ब्राउझर बरोबर भरतो, नसेल तर अंदाज बांधतो. म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचायचं. शिवाय काही पानांवर न दिसणाऱ्या चौकटीही असू शकतात, तेव्हा गरजेपेक्षा जास्त माहिती ऑटोफिलमध्ये साठवायचीच नाही.

पासवर्डच्या बाबतीत तुम्ही अगदी कडक होतात, आणि ते योग्यच होतं. एस्पान्सोची फाइल कुणालाही उघडून वाचता येते, त्यात पासवर्ड ठेवायचा नाही म्हणजे नाही. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सुरक्षित साठवणारं वेगळं सॉफ्टवेअर. तो संकेतस्थळाचा पत्ता जुळला तरच पासवर्ड सुचवतो. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानाच्या पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी तो गप्प बसतो. 'तो गप्प बसला की तूही थांब आणि पत्ता वाच,' हे तुमचं वाक्य मी आता नव्या सहकाऱ्यांना सांगते.

वाचलेला वेळ कुठे जातो म्हणाल, तर 'हे हातानंच' लिहिलेल्या उत्तरांकडे. पूर्वी ती दिवसाच्या शेवटी, थकल्या हातांनी उरकली जायची. आता सकाळी सगळ्यात आधी तीच घेते, माणसाची तक्रार दोनदा वाचते आणि मगच लिहायला बसते.

आमच्या गटात आता सगळ्यांची मिळून एकच फाइल आहे. कागदपत्रांचा नियम बदलला की एकाच जागी दुरुस्ती होते, जुना मजकूर कुणाकडे उरत नाही. नवीन येणाऱ्याला मात्र ती फाइल आम्ही लगेच देत नाही. आधी तीन रकान्यांची यादी करायला लावतो.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
तुमच्या शेजारच्या टेबलावरची सहकारी