जपणूक म्हणजे जैसे थे नव्हे

अमेरिकेत न्यायालयांच्या जुन्या इमारती जशाच्या तशा जपल्या जातात, हे रविवारच्या पुरवणीतील लेखातले विधान सरसकट मान्य करता येत नाही. पिट्सबर्गच्या ॲलेघेनी काउंटीचेच उदाहरण घ्या. तेथील पहिले न्यायालय बाजारचौकात होते. ग्रँट स्ट्रीटच्या टेकाडावरील दुसरी, घुमटाची इमारत मे १८८२ मध्ये आगीत गेली आणि त्याच जागेवर हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्या आराखड्यानुसार १८८८ मध्ये ग्रॅनाइटची तिसरी वास्तू पूर्ण झाली (ती पाहायला रिचर्डसन हयात नव्हते). तीही तशीच राहिली नाही. १९१३ च्या सुमारास टेकाड छाटून रस्ता खाली घेतला गेला, तेव्हा कमानींचे मुख्य प्रवेशद्वार अधांतरी राहिले आणि लोकांची ये-जा तळघराच्या पातळीवरून सुरू झाली. दगडी पुलाने न्यायालयाला जोडलेला तुरुंग १९९५ पर्यंत वापरात होता. पुढे काही कोठड्या नमुन्यादाखल राखून तेथे कौटुंबिक न्यायालय आणले गेले. वास्तू टिकली, ती अशी कामात राहिल्यामुळे. वांद्र्यात मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल होऊ घातले असताना फोर्टमधील १८७८ च्या इमारतीत पुढे कोणते कामकाज चालेल, हे सरकारने आत्ताच स्पष्ट करायला हवे. नुसती वारसा वास्तूची पाटी लावून दालने कुलूपबंद झाली, तर गळके छप्पर तरी कोणाच्या लक्षात येणार?

— एक वाचक, ठाणे