अडलेला मेल आधी वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

सांगली

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढ्यांत ऑफिसचा मेल सांभाळणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहीत आहोत. उघडं पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही सांगितलेलं मिरज, तासगावच्या छोट्या ऑफिसांनाही तितकंच लागणारं आहे. तुमचे आभार मानता मानता ते त्यांच्याही हाती पडावं.

क्वारंटाइन हा शब्द करोनानं घरोघर पोचवला, पण मेलमधलं क्वारंटाइन फारच थोड्यांना ठाऊक असतं. स्पॅम फोल्डर आपल्या खात्याच्या आत असतो, क्वारंटाइन त्याच्या बाहेर, सर्व्हरच्या दाराशी. तिथं थांबवलेला मेल खात्यात आलेलाच नसतो, त्यामुळे आउटलुकमध्ये दिवसभर शोधला तरी सापडत नाही. ‘कालच पाठवलाय’ म्हणणारा व्यापारी आणि ‘आलाच नाही’ म्हणणारं ऑफिस, दोघंही खरं बोलत असतात. हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत.

मग मुदतीचं. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत स्पॅम म्हणून अडवलेला मेल क्वारंटाइनमध्ये किती दिवस ठेवायचा ते धोरणात ठरवता येतं, पण ३० दिवसांच्या पुढे नाही. मुदत उलटली की तो मेल परत मिळत नाही. जुन्या संगणकांवर खातं पीओपीनं, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीनं, जोडलेलं असेल तर अडचण आणखी वाढते. पीओपी फक्त इनबॉक्स उतरवून घेतं, स्पॅम फोल्डर तिथं दिसतच नाही. म्हणून तुम्ही सगळीकडे खाती आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे फोल्डर दाखवणाऱ्या पद्धतीवर, घ्यायला लावलीत.

ज्यांचा मेल वेबसाइटच्या होस्टिंगवर, सीपॅनेल नावाच्या नियंत्रण पॅनेलमध्ये आहे, त्यांच्याकडे ‘ऑटो-डिलीट’ आधी बंद करायला सांगितलंत, त्याबद्दल आमचे वेगळे आभार. हे बटण चालू असलं की स्पॅमचे गुण ठरलेल्या आकड्यावर गेलेला मेल थेट नष्ट होतो आणि मागं विचारायला काही उरत नाही. त्याऐवजी ‘स्पॅम बॉक्स’ चालू ठेवला की तोच मेल वेगळ्या फोल्डरमध्ये पडून राहतो.

पण आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो गुण वाचण्याचा. सीपॅनेलमध्ये स्पॅमअसॅसिन नावाची चाळणी असते. ती प्रत्येक मेलला नियमांनुसार गुण देते आणि मूळ सेटिंगमध्ये बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरतो. मेलचं पूर्ण हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडलं की एकूण गुण आणि लागू झालेले नियम ओळीनं लिहिलेले दिसतात. आपल्याकडच्या दराच्या मेलवर कुठले नियम लागतात ते तुम्ही एकेक करून दाखवलंत. विषय अख्खा कॅपिटल अक्षरांत, मजकूर एक ओळही नाही, आत नुसता दरपत्रकाचा फोटो. यातलं एखादंच असेल तर बहुधा चालून जातं, तिन्ही एकत्र आलं की मेल अडू शकतो. उपायही सोपा आहे. विषय साध्या अक्षरांत, दर मजकुरात टाइप केलेले, फोटो हवाच असेल तर सोबत जोडलेला. स्पॅम फार येतो म्हणून ५ चा आकडा २ वर आणणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत ते फार बरं झालं. आकडा जितका खाली, तितकी चाळणी बारीक, आणि बारीक चाळणीत आधी चांगला माल अडकतो.

शिकणारी चाळणी लगेच का शिकत नाही, तेही तुमच्यामुळे कळलं. स्पॅमअसॅसिनचा हा भाग निदान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय कामालाच लागत नाही. नुसते स्पॅम दाखवून भागत नाही, चांगलेही दाखवावे लागतात.

व्हाइटलिस्टबद्दल, म्हणजे ज्यांचा मेल न अडवता आत घ्यायचा त्या यादीबद्दल, तुम्ही कडक बोललात आणि ते योग्यच होतं. ‘पार्टीचा मेल अडतोय, टाका त्यांना व्हाइटलिस्टमध्ये’ ही सगळीकडची सवय. पण पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचाही पत्ता लिहिता येतो. म्हणून अख्खं जीमेलचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) त्या यादीत टाकायचं नाही आणि स्वतःच्या ऑफिसचं डोमेन तर अजिबात नाही. नाहीतर मालकांच्या नावानं आलेला खोटा मेल बिनतपासणी आत येतो. टाकायचाच तर एकेक पूर्ण पत्ता, आणि सोय असेल तिथं एसपीएफ (डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) उत्तीर्ण असण्याची अट घालून.

क्वारंटाइनमधला मेल सोडण्याआधी तो अडल्याचं कारण वाचायचं, ही तुमची शिस्त आता आमच्या अंगवळणी पडली आहे. मायक्रोसॉफ्टच्या यादीत मेलसमोर कारण लिहिलेलं असतं. साधा स्पॅम किंवा जाहिरात असेल तर आत डोकावून सोडता येतो. मालवेअर (घातक प्रोग्राम) किंवा खात्रीचं फिशिंग (माहिती चोरायला पाठवलेला खोटा मेल) असेल तर नेहमीच्या वापरकर्त्याला तो सोडता येत नाही. ॲडमिनकडेच जावं लागतं आणि ते तसंच असायला हवं. पासवर्ड घातलेली झिप फाइल चाळणीला उघडता येत नाही, म्हणून ती अडते. बँकेचं स्टेटमेंटही पासवर्डचं असतं हे खरं, पण बँक पासवर्ड कसा बनवायचा ते सांगते, तयार पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून देत नाही. ही एक खूण आम्हाला फार उपयोगी पडते. आणि ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पट्टीचे पैसे नव्या खात्यावर टाका’ असा मेल असेल तर तो कुठंही आलेला असो, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

फॉरवर्डिंगचं कोडं तर तुमच्याशिवाय सुटलंच नसतं. ऑफिसचा मेल मालकांच्या जीमेलवर फॉरवर्ड करायची पद्धत सगळ्या पेढ्यांत आहे. तसं केलं की जीमेलला मेल आपल्या सर्व्हरकडून आलेला दिसतो. मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत आपला सर्व्हर नसतो, म्हणून तपासणी फसते. डीकेआयएमची सही वाटेत टिकते, पण कुणी खाली सूचनेचा मजकूर चिकटवला की तीही मोडते. शिवाय आपल्याकडे आलेला स्पॅमही पुढं जातो आणि आपल्याच सर्व्हरची पत घसरते. फॉरवर्ड काढून मालकांच्या फोनमध्ये ऑफिसचं खातं जोडून दिलं की हे सगळं मिटतं.

आपल्या बाजूनं जाणारे मेल समोरच्याकडे का अडतात, याचं उत्तर पुष्कळदा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेत, सापडतं. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी. होस्टिंगवाल्याची एक आणि नव्या मेलसेवेची दुसरी अशा दोन झाल्या की तपासणी चुकीची ठरते. दोन्ही एकाच ओळीत जोडायच्या, आणि ती ओळ तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागू नये.

रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या आत आम्ही आता दहा मिनिटं स्पॅम आणि क्वारंटाइन पाहतो. चांगला मेल सापडला तर तो नुसता इनबॉक्समध्ये ओढत नाही, ‘स्पॅम नाही’ दाबतो. मागवलेल्या पत्रिका नको असतील तर सदस्यत्व रद्द करतो, अनोळखी स्पॅममधल्या तशा लिंकला हात लावत नाही.

डीमार्कची नोंद, म्हणजे आपल्या नावानं आलेला पण तपासणीत नापास झालेला मेल समोरच्यानं कसा हाताळावा ते सांगणारी नोंद, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सध्या ‘नन’वर (काही न अडवता) ठेवली आहे आणि अहवाल एका वेगळ्या खात्यात जमा होत आहेत. आमच्या नावानं कोणकोणते सर्व्हर मेल पाठवतात याची यादी काढत आहोत. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर त्यात अजून बिनसहीचं दिसतं. तेवढं नीट झालं की ‘क्वारंटाइन’वर नेण्याआधी अहवाल घेऊन तुमच्याकडे येऊ.

आपले,
मार्केट यार्डातले मेल सांभाळणारे