हिरकणीच्या दरवाजाची वेळ : महिला व बालविकास मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची सोय होण्याबाबत.

मा. महोदया,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. एका शाळेत लिपिक आहे, पत्नी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि आमची मुलगी येत्या महिन्यात दोन वर्षांची होईल. घरातली चौथी व्यक्ती म्हणजे माझी आई. तिने पस्तीस वर्षे विड्या वळल्या. हे पत्र लेकीच्या निमित्ताने लिहीत असलो तरी खरे तर ते आईबद्दल आहे, कारण लहान मुलांविषयीचे आपले सगळे कायदे आणि सगळ्या योजना जिथे थांबतात, तिथून पुढचे काम या राज्याने माझ्या आईवर सोपवलेले आहे, आणि तसे करताना तिला कोणी विचारलेले नाही.

मुलीच्या जन्मानंतर पत्नीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपूर्वी ती १२ आठवड्यांचीच होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण सातव्या महिन्यापासून तिचे पाय इतके सुजू लागले की काही आठवडे बाळंतपणाआधीच घ्यावे लागले, आणि ती कामावर हजर झाली तेव्हा मुलगी पुरती पाच महिन्यांचीही नव्हती. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नका, असे आपल्याच विभागाचे फलक सांगतात. रुग्णालयात लसीकरणाला येणाऱ्या बाळंतिणींना पत्नी स्वतः हेच समजावून सांगत होती, आणि त्याच वेळी घरी माझी आई वाटी-चमच्याने पत्नीने पहाटे काढून ठेवलेले दूध पाजत होती. मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे काय, हे आपणास दौऱ्यांमुळे ठाऊक असेलच. वीज गेली की फ्रिजमधले ते दूध किती वेळ चालेल, याचा हिशेब मी कागदावर मांडून भिंतीला चिकटवला होता.

५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे त्याच दुरुस्तीने ठरवले. पत्नीच्या रुग्णालयात कर्मचारी पन्नासहून पुष्कळ जास्त आहेत, पण पाळणाघर नाही. चार वेळा जायची मुभा आहे, जायचे कुठे हा प्रश्न आहे. विचारणा केल्यावर, आजवर कोणी मागितलेच नाही असे उत्तर मिळाले, आणि माझ्या मते ते खोटे नसावे. तान्हे मूल घरी ठेवून नोकरी टिकवू पाहणारी बाई व्यवस्थापनाकडे जाऊन कायद्याचे कलम दाखवत नाही.

तरीही आमचे बरे आहे, असे म्हणावे लागते. आमच्या गल्लीत कागदावरचे पाळणाघर मागता येईल अशी आई क्वचितच सापडेल. विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता. ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया काम करत असलेल्या विडी कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असे त्यात लिहिलेले होते. परंतु काम कारखान्यात राहिलेले नाही. बाई कारखान्यातून पाने आणि तंबाखू मोजून घरी आणते, पाने भिजवते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, कात्रीने कापते, आणि मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला बसते. कारखाना तिच्या घरात आला, पण पाळणाघराची खोली मात्र सोबत आली नाही. उलट घराचाच कारखाना झाला. मांडीवर सूप असते तेव्हा लेकरू मांडीवर मावत नाही, ते शेजारी रांगत असते, आणि रांगणारे लेकरू जमिनीवर जे सापडेल ते तोंडात घालते. शेजारच्या एका दीड वर्षाच्या मुलाने मागच्या पावसाळ्यात तंबाखूची चिमूट गिळली. उलट्या सुरू झाल्या, चेहरा पांढराफटक पडला आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. मूल वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई पुन्हा सूप घेऊन बसली, कारण आणलेल्या पानांचा हिशेब द्यायचा होता. फरक इतकाच झाला की मुलाच्या कमरेला साडीची दोरी बांधून तिचे दुसरे टोक कॉटच्या पायाला बांधले. पाहणाऱ्याला ते क्रूर वाटेल. मला ते त्या घरातले एकमेव पाळणाघर वाटले.

आमची मुलगी रांगू लागली त्या आठवड्यात आईने सूप कायमचे भिंतीला टांगले. विडीचा धंदा सुटावा ही तर सगळ्यांचीच इच्छा होती, तिच्या खोकल्यासाठी आणि पाठीसाठीही. पण आयुष्यभर स्वतःच्या कमाईचे पैसे पदराच्या गाठीला असलेली बाई आता औषधाला माझ्याकडे हात पसरते, हे तिला आणि मलाही जड जाते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी दोन वर्षांच्या मुलीमागे धावणे हे काम आहे. त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

त्यात पाण्याचा प्रश्न येतो. तो आपल्या विभागाचा नाही, हे मी जाणतो, पण मुलाच्या अंगाला मंत्रालयातले विभाग कळत नाहीत. उजनी धरण भरलेले असते तेव्हाही आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पाणी नसलेल्या दिवसांसाठी घरोघरी पिंपे, टाक्या, बादल्या भरलेल्या असतात. तान्ह्या बाळाचे दिवसाचे दहा-बारा लंगोट साठवलेल्या पाण्यात धुवायचे, की विकतचे डायपर घालून या उकाड्यात मांड्यांना पुरळ उठू द्यायचे, ही निवड आमच्या भागातील प्रत्येक आई करत असते. साठवलेल्या पाण्यात डास होतात. आणि चालू लागलेल्या मुलाला भरलेली बादली म्हणजे खेळ वाटतो. तो डोके खाली करून आत वाकला तर त्याला परत वर येता येत नाही. आमच्या मोरीला म्हणूनच बाहेरून कडी आहे. पाणी आल्याची हाळी ऐकून आई नळाकडे धावते त्या वीस मिनिटांत मुलीला कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर आजही आमच्याकडे नाही.

अंगणवाडीविषयी लिहितो. आमच्या सेविका ताई मनापासून काम करतात. वजन-उंची घेणे, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर नोंदी भरणे, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप देणे हे सगळे त्या करतात, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही त्यांच्याकडेच आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातील सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांच्या मागण्यांत मला काहीही अवाजवी दिसले नाही. माझे म्हणणे रचनेविषयी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत बसायला मिळते, गरम आहार मिळतो, गाणी मिळतात. तीन वर्षांखालच्या मुलाला घरपोच आहाराचे पाकीट मिळते. म्हणजे पाकीट घरी येते, मूल घरीच राहते. ते पाकीट शिजवायला, भरवायला आणि मुलाने थुंकलेले पुसायला घरात मोकळे हात आहेत, असे गृहीत धरलेले असते. (आमच्या मुलीला त्या पाकिटातले काही रुचत नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली की मात्र वाटी चाटून पुसून ठेवते. चवीच्या बाबतीत ती पक्की सोलापूरची आहे.) जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी कसे बोलावे, कसे खेळावे यासाठी केंद्राने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, तो मी वाचला आणि मला आवडलाही. पण त्यातले खेळ खेळायला माणूस जमिनीवर बसलेला आणि रिकामा असावा लागतो. आमच्या भागात जमिनीवर बसलेल्या बाईच्या हातात कात्री असते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या, टॉवेलची शिलाई आणि घड्या करणाऱ्या बायकांचीही हीच गत आहे. एकेका शेडमध्ये माणसे इतकी थोडी असतात की पन्नासच्या आकड्यापर्यंत ती कधी पोचतच नाहीत. त्या शेडच्या कोपऱ्यात सुताच्या गठ्ठ्यावर झोपलेली मुले मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मागाचा खडखडाट थांबला की ती दचकून जागी होतात.

आता हिरकणी कक्षाविषयी. मागच्या दिवाळीत पत्नीची ड्युटी होती, म्हणून मुलीला घेऊन मी एकटाच बसने गावी निघालो होतो. एका बस स्थानकावर मुलीचे कपडे बदलण्याची वेळ आली. हिरकणी कक्ष होता, स्वच्छही होता, पण आत दूध पाजणाऱ्या बायका असल्याने तिथल्या ताईंनी मला दारातच थांबवले, आणि त्यांनी केले ते योग्यच होते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात मूल ठेवायला फळीदेखील नव्हती. शेवटी फलाटावरच्या बाकावर, लोकांच्या नजरेसमोर, मी ते काम उरकले. दोन आज्यांनी कौतुक केले, एका गृहस्थाने तोंड फिरवले. बापाला मुलाचे काही करावे लागते, ही शक्यता आपल्या सार्वजनिक इमारतींनी अजून मनावर घेतलेली नाही. खाजगी नोकरीतल्या बापाला बाळ झाल्यावर एक दिवसाची रजाही कायद्याने मिळत नाही.

त्या बाकावर बसलो असता दारावरची ‘हिरकणी’ ही पाटी मी बराच वेळ पाहत होतो. गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले रायगडाचे दरवाजे, घरी एकटे असलेले तान्हे बाळ आणि अंधारात उतरलेला तो कडा. आपण तिच्या धैर्याचे पोवाडे गातो, बुरुजाला तिचे नाव देतो, कक्षालाही देतो. मला मात्र त्या दिवशी वाटले की गोष्ट दरवाजाच्या वेळेची आहे. दूध गडाला हवे होते, पण दूध आणणाऱ्या बाईचे मूल कुठे आहे हे दरवाजाची वेळ ठरवताना कोणी विचारले नव्हते. माझी पत्नी दुपारी दोनला कामावर जाते आणि रात्री नऊला परत येते. अंगणवाडी दुपारीच बंद होते. विडी वळणारीचा दिवस दिवेलागणीपर्यंत चालतो. आमच्या शहरात कडा नाही, पण दरवाजाच्या वेळा त्याच आहेत.

यावर ‘घरात आजी असतेच’ असे कोणी म्हणेल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये एकदा जरूर पाहावे. मांडीवर चटण्यांचे आणि भाकरीचे डबे घेतलेल्या सोलापूरच्या आज्या पुण्याला मुलाच्या नाहीतर लेकीच्या घरी नातवंडे सांभाळायला निघालेल्या असतात, कारण शिकलेली पिढी तिकडे गेली आहे. पुण्याची पाळणाघरे अशी सोलापूरच्या आज्यांवर चालतात, आणि इकडे म्हातारे एकटे राहतात. दुसरीकडे कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत उभी राहत आहे. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. घर मिळाले याचा आनंद मोठा आहे, माझा मावसभाऊ तिथेच राहायला गेला. पण जुन्या गल्लीतली आजी, काकू, समोरची मावशी, म्हणजे मूल क्षणभर ज्यांच्या ओट्यावर टाकून जाता येत होते ती सगळी माणसे मागे राहिली.

म्हणून मागणे पुढीलप्रमाणे आहे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळण्याची तरतूद आहे. ती सोलापुरात सर्वप्रथम विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमध्ये, रे नगरमध्ये आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत राबवावी, आणि अशी किती केंद्रे आज प्रत्यक्ष चालू आहेत त्याची वस्तीनिहाय यादी विभागाने जाहीर करावी. त्यांच्या वेळा कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे न ठरवता तिथल्या बायकांना विचारून ठराव्यात. त्यासाठी स्वतंत्र, पुरेशा मानधनाच्या सेविका नेमाव्यात, हे काम सध्याच्या ताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून टाकू नये. त्यांत निदान एक बाई तेलुगू समजणारी असावी, कारण आमच्या भागातल्या कित्येक घरांत मूल पहिला शब्द तेलुगूत बोलते, आणि रडणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला मराठीत समजावता येत नाही. पाणी येत नसलेल्या दिवशीही केंद्राची टाकी भरलेली राहील, एवढे महापालिकेकडून लिहून घ्यावे.

लहान शेडच्या बाबतीत नवा कायदा लागत नाही. अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवावे, अशी सोय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेच. पन्नासच्या आतल्या शेडना तशी सक्ती नाही, पण कामगार विभाग आणि मागवाले यांना आपण एका टेबलाशी बसवले तर एका गल्लीतल्या वीस शेडमागे एक पाळणाघर उभे राहू शकते. राज्य शासनाने आपल्या सेवेतील स्त्रियांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, त्याअर्थी ही गरज शासनाला उमगलेली आहे. आणि बस स्थानकांवरील पुरुषांच्या स्वच्छतागृहात एक फळी बसवण्याबाबत परिवहन खात्याला आपण दोन ओळींचे पत्र लिहावे. तिला फार खर्च येणार नाही.

आपण सोलापूरला याल तेव्हा कार्यक्रम सकाळचा न ठेवता दुपारी तीनचा ठेवावा, अशी विनंती आहे. त्या वेळी अंगणवाडीला कुलूप असते आणि गल्लीत दारोदारी सुपे मांडलेली असतात. आमच्या दारात सूप नसेल, पण आई आणि मुलगी दोघी भेटतील. मुलीला अंगणवाडीत बसायला अजून वर्षभर अवकाश आहे. आईच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी त्याआधी विश्रांती सांगितली आहे.

आपला नम्र,
एक पालक, पूर्व भाग, सोलापूर.