मैदान सांभाळणाऱ्या काकाजींना, माजी कबड्डीपटूंकडून

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

या महिन्याअखेर तुम्ही निवृत्त होताय. सत्काराला शाल-श्रीफळ मिळेल, भाषणं होतील. पण आम्हाला ज्या गोष्टींसाठी तुमचे आभार मानायचे आहेत त्या भाषणात मावणाऱ्या नाहीत, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण नागपुरातल्या दुसऱ्या महाविद्यालयांचे जुने खेळाडूही आपल्या संघासाठी काहीतरी करायला धडपडतात, आणि नेमकं काय करावं ते तुमच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.

अंतिम सामन्याला ढोल घेऊन यायला सगळेच तयार असतात. तुम्ही आग्रह धरलात तो पहिल्या फेरीचा. बाद पद्धतीत सकाळचा एक सामना हरला की संघाचं वर्ष तिथंच संपतं, आणि नेमक्या त्याच सामन्याला राखीव खेळाडू सोडले तर कडेला कुणी नसतं. पहिल्या वर्षाची मुलं तेव्हाच सर्वांत जास्त बावरलेली असतात. काठावर कसं बसायचं हेही तुम्हीच शिकवलंत. चढाई सुरू असताना आरडाओरडा नको, कारण चढाईपटूचा 'कबड्डी'चा उच्चार पंचांना ऐकू आला पाहिजे. गलक्यात तो बुडाला तर नुकसान आपल्याच मुलाचं. गुण लागला की हवं तेवढं ओरडा. आणि 'बोनस घे, बोनस घे' असं बाहेरून सांगायचं नाही. ३० सेकंदांच्या चढाईत प्रशिक्षकाचा एक आवाज कानात असताना दहा जुन्या खेळाडूंचे दहा आवाज पडले की पोरगं मध्यरेषेजवळच घुटमळतं.

पण तुमचं खरं ऋण आहे ते मैदानाचं.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून पाऊस उघडल्यावर निदान वीतभर खणायचं, खडे-काचा वेचायच्या, माती चाळून परत पसरायची, पाणी शिंपडून हलका रोलर फिरवायचा. पाणी आदल्या संध्याकाळी, खेळाच्या सकाळी नाही. वरचा पापुद्रा ओला राहिला की घोटा मुरगळतो आणि अगदीच कोरडा राहिला की गुडघे सोलतात. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं तर फुटावा, ही तुमची परीक्षा. त्याहून सोपी कसोटी आम्हाला माहीत नाही.

आखणीच्या बाबतीत तर तुम्ही कधीच 'अंदाजे' हा शब्द चालू दिला नाही. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. सुतळी ताणली की वाढते, म्हणून मोजायला लोखंडी टेप. कोपरा काटकोनात आहे का ते पाहायला एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर खूण करायची, तिरकं अंतर बरोबर ५ भरलं पाहिजे. चारही खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजायचे, दोन्ही १६.४० मीटर यायला हवेत. एक जास्त आणि एक कमी आला तर मैदान कललेलं आहे, खुंट्या उपटा आणि पुन्हा सुरुवात करा. मग मध्यरेषा ६.५ मीटरवर, तिथून निदान रेषा, म्हणजे चढाईपटूनं निदान ओलांडायलाच हवी ती, ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा, आणि अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर उरतात. दोन्ही बाजूंचं राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी, एकेक मीटरचं, ते या १० मीटरच्या आतच धरायचं. नवखे लोक ते बाहेर आखतात आणि मैदान १२ मीटर रुंद होऊन बसतं.

मुलींचं मैदान वेगळं आखायचं, हा तुमचा आग्रह तर फारच मोलाचा. १२ बाय ८ मीटर, कर्ण १४.४२, निदान रेषा मध्यापासून ३ मीटरवर आणि बोनस ४ मीटरवर. जागा आणि वेळ वाचवायला मुलींना मुलांच्याच रेषांवर सराव करायला लावलं की त्यांचं पाऊल पाऊण मीटर लांब जायला शिकतं. मग सामन्यात बोनस रेषा ओलांडून त्या सरळ बचाव करणारीच्या हातात जातात. पाऊल डोळ्यांनी नाही, सवयीनं पडतं. म्हणून सरावाची रेषा चार बोटं चुकली तरी ती चूक सामन्यापर्यंत सोबत येते.

रेषांसाठी पांढरी फक्की, कळीचा चुना कधीच नाही. पकडीत चेहरा जमिनीवर घासतो, आणि चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

मॅटचंही तुम्हीच मार्गी लावलंत. एक मीटर चौरसाचे १३० तुकडे. लांबीला तेरा ओळी, त्यामुळे मध्यरेषा सातव्या ओळीच्या बरोबर मधून जाते. मोजणी तिथूनच धरायची. उन्हाळ्यात टिनाच्या शेडखाली रचून ठेवले की तुकडे आकसतात, मग सांध्यांत फटी पडून अंगठा अडकतो. काटोल, नरखेड, उमरेडकडून येणारी बरीच मुलं मातीवर अनवाणी खेळून तयार झालेली असतात. त्यांना मॅटवर बूट लागतात आणि ते सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालून चालत नाही. बूट दोन-तीन आठवडे आधी द्या, मापही संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. ही सूचना ऐकल्यापासून चषकांवरचा खर्च बुटांकडे वळला, आणि ते फार बरं झालं.

जर्सी देऊ करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही तुम्ही आधी नियम दाखवलात. क्रमांक पुढे निदान ४ इंच, मागे ६ इंच हवा. देणगीदाराचं नाव पाठभर छापलं की क्रमांकाला जागाच उरत नाही. संघ १२ जणांचा, पण जर्सी १४ शिवायच्या आणि जास्तीच्या दोन्ही मोठ्या मापाच्या, कारण मोठी चालवून घेता येते, लहान नाही. पिशवीत नखं कापायचं यंत्र हवंच. वाढलेली नखं, हातातलं कडं, अंगाला लावलेलं तेल, यांपैकी काहीही पंचांना दिसलं तर खेळाडूला बाहेर थांबावं लागतं. शिवाय चिकटपट्टी, क्रेप बँडेज आणि फडक्यात गुंडाळायला बर्फ. बर्फ थेट कातडीवर नाही, आणि एका वेळी १५-२० मिनिटांपेक्षा जास्त नाही. मध्यंतर पाच मिनिटांचं. त्यात तर्री-पोहे नाहीत, ते सामन्यानंतर. तेव्हा फक्त घोट-घोट पाणी, एका लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट विरघळवलेलं, आणि संत्र्याच्या दोन-तीन फोडी, सोललेल्या, बिया काढलेल्या.

आणि स्पर्धेच्या पात्रतेचे कागद. संघ मैदानावर हरण्याआधी कागदावर हरतो, हे तुमच्याकडून कळलं. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची प्रवेश पावती, फोटोवर अर्धा येईल असा शिक्का, प्राचार्यांची सही. आधारवरचं नाव आणि दहावीचं नाव जुळत नसेल तर ते आदल्या रात्री दुरुस्त होत नाही, ऑगस्टमध्येच बघावं लागतं. शिक्षणात मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचाही कागद तयार ठेवायचा. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी वकील असतं, कुणी कारकून, कुणाचं झेरॉक्सचं दुकान. एका शनिवारी दोन तास बसलं तर सगळ्या संघांच्या फायली होतात. मैदानात उतरता न येणाऱ्यालाही संघाच्या कामी येता येतं, ही वाट तुम्ही उघडी केलीत.

पैशाबद्दल तुमचं एकच सांगणं होतं: खेळाडूच्या हातात रोख नको, महाविद्यालयात भरा आणि पावती घ्या. दरमहा २०० रुपये देणारे ४० जण असले की वर्षाचे ९६,००० होतात, आणि एखाद्या विजयानंतर उत्साहात जाहीर केलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा ते जास्त भरवशाचे असतात.

क्रीडा विभागातलं ते लोखंडी कपाट आम्ही शेवटी ठेवलंय. त्यातल्या वह्यांत प्रत्येक वर्षाचा संघ, सामने, गुणपत्रकं, विद्यापीठाच्या संघात गेलेले कलर होल्डर, सगळं तारखेनिशी आहे. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि कित्येक वर्षांनी कागद शोधत आलेल्या मुलाला ती नोंद एका मिनिटात काढून देणारे तुम्ही होतात. किती घरांत त्या वह्यांमुळे चूल पेटली असेल, याचा विचार केला की हात आपोआप जोडले जातात.

वह्यांची पानं आता पिवळी पडलीत. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून वर्षवार लावायचं काम सुरू केलंय. मूळ वह्या कपाटातच राहतील, डांबराच्या गोळ्या घालून. लोखंडी टेप, दोरी आणि खुंट्यांची पेटी तुमच्या जागी येणाऱ्या भाऊंच्या हवाली करू. आखणी मात्र यंदा तुमच्यासमोर व्हावी, अशी विनंती आहे. पाऊस उघडला की कळवतो. तुम्ही खुर्ची टाकून बसा, टेप आम्ही धरतो. दोन्ही कर्ण १६.४० आले की तुम्ही मान डोलवा, मग फक्की टाकू.

तुमचेच,
महाविद्यालयाचे माजी कबड्डीपटू
नागपूर