विषय: संपर्क तुटलेलं गॅस अलार्म स्टेशन पॅनेलवर हिरवं शून्य दाखवतं, आणि तुमचा सपोर्ट त्याला ‘डिझाइन’ म्हणतो

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
आणि प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या सपोर्टने आमचं तिकीट ‘ग्राहकाचं समाधान झालं’ असा शेरा मारून बंद केलं. माझं समाधान झालेलं नाही. ते तिकीट पुन्हा उघडा आणि हे पत्र त्याला जोडा. वायू मोजून रेडिओने पॅनेलला कळवणारी तुमची वायरलेस स्टेशनं काय आहेत आणि कशी चालतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही, म्हणून थेट घडलेल्या गोष्टीवर येतो.

सांडपाणी विभागातल्या संपजवळच्या (सांडपाणी साठतं त्या खड्ड्याजवळच्या) हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूच्या स्टेशनचा गेटवेशी, म्हणजे स्टेशनांचे सिग्नल गोळा करून पॅनेलला देणाऱ्या यंत्राशी, संपर्क संध्याकाळी तुटला. त्यानंतर रात्रभर कंट्रोल रूमच्या पॅनेलवर त्याचा चौकोन हिरवा होता आणि आत शून्य पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) लिहिलेलं होतं. ते शून्य संध्याकाळचं होतं. पिवळा रंग नाही, फॉल्ट नाही, बझर नाही. स्टेशनचं शेवटचं पॅकेट, म्हणजे संदेश, किती वाजता आला ते बघायचं तर डायग्नोस्टिकच्या पानात शिरून त्या स्टेशनची ओळ उघडावी लागते. रात्रपाळीच्या ऑपरेटरने दर थोड्या वेळाने ते करत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. एका नजरेत कळावं म्हणून तर पॅनेल असतं.

पॅनेल बघून आमचा माणूस नेहमीच्या फेरीला निघाला. संपजवळ पोहोचताच त्याच्या छातीवरचा पर्सनल डिटेक्टर वाजला. आधी १० पीपीएमचा अलार्म, आणि तो मागे वळेपर्यंत १५ चा. वारा येतो त्या बाजूने तो तडक बाहेर पडला, म्हणून हे पत्र तक्रारीचं आहे, अपघाताच्या अहवालाचं नाही. त्याचा डिटेक्टर दुसऱ्या कंपनीचा होता. तुमचं स्टेशन त्याच्यापासून हाताच्या अंतरावर भिंतीवर होतं, डिस्प्ले काळा, बीकन (इशाऱ्याचा दिवा) बंद, हूटर मुका.

आता आजच्या फोनबद्दल. हा संवाद सविस्तर लिहितो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आहे आणि तुमच्यापैकी कुणीतरी तो बसून ऐकायला हवा.

पहिल्या प्रतिनिधीने विचारलं, “पॅनेलवर काय रंग दिसतोय?” मी म्हणालो, हिरवा. तो म्हणाला, “मग सर, सिस्टिम नॉर्मल आहे.” मी सांगितलं की मी या क्षणी त्या स्टेशनसमोर उभा आहे आणि ते मेलेलं आहे. तो म्हणाला, “डिस्प्ले बंद असू शकतो सर, पण पॅनेलवर शून्य येतंय म्हणजे रीडिंग शून्य आहे.” मी विचारलं, जे यंत्र बंद आहे ते शून्य मोजतं कसं? त्याने मला होल्डवर टाकलं.

मग वरिष्ठ आले. त्यांनी निदान प्रश्न समजून घेतला. ते म्हणाले की संपर्क तुटल्यावर शेवटचं रीडिंग धरून ठेवायचं हे डिझाइनच आहे, मागच्या फर्मवेअरपासून (यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या मागच्या आवृत्तीपासून) ते सगळ्यांना लागू केलंय, कारण “रेंज जरा गेली की फॉल्ट यायचा आणि ग्राहक वैतागायचे.” मी म्हणालो, फॉल्ट यायलाच हवा, मी त्याचेच पैसे दिलेत. त्यावर ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “सर, तुम्ही उगाच घाबरताय. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास असतो. खरंच गळती असती तर तुमच्या माणसांना वास आला असता ना?”

हे वाक्य गॅस अलार्म विकणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठ तंत्रज्ञाने उच्चारलं. मी काही क्षण बोलूच शकलो नाही.

हा वास एक पीपीएमच्याही खाली नाकाला कळतो, हे खरं आहे. पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांतच नाक बधिर होतं. वास जातो, वायू तिथेच असतो आणि माणसाला वाटतं की धोका टळला. हाच १०० पीपीएमचा आकडा कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेने जीवाला तात्काळ धोका असलेली पातळी म्हणून ठरवला आहे. ७०० ते १००० पीपीएमला तर एकदोन श्वासांतही माणूस कोसळू शकतो. नाकावर विसंबता येत नाही म्हणून ही यंत्रं अस्तित्वात आली. तुमच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर त्याला त्या खुर्चीत बसवू नका. आणि ठाऊक असूनही फोन संपवण्यासाठी तो असं बोलला असेल, तर ते जास्त वाईट आहे.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ठीक आहे सर, तुमचा फीडबॅक नोंदवून घेतो.” पाठोपाठ ईमेल आला: ग्राहकाचं समाधान झालं.

तुमचे वायरवाले डिटेक्टर आमच्याकडे वर्षानुवर्षं आहेत. त्यांचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर. शून्य वायूला ४ मिलिअँपिअर, म्हणजे वायर तुटली की करंट चारच्या खाली जातो आणि पॅनेल लगेच फॉल्ट दाखवतं. खोदकामात आमची केबल तुटली आहे, उंदरांनी कुरतडली आहे, जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं आहे; प्रत्येक वेळी पॅनेल ओरडलं. ‘वायू नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या जुन्या पद्धतीत पक्कं बसवलेलं होतं. तुमच्याच इंजिनिअर लोकांनी ते बसवलं होतं. वायरलेसमध्ये ते सहज करता येतं: ठरलेल्या वेळेत स्टेशनचा हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ हा संदेश, आला नाही की फॉल्ट, एवढंच. तुमच्या आधीच्या फर्मवेअरमध्ये ते होतंही. तुम्ही ते काढून टाकलंत, कारण लोक कटकट करत होते.

आणि लोक कटकट का करत होते? कारण बसवतानाच काम नीट होत नाही. आमच्याकडे साइट सर्व्हे ड्रॉइंगवर झाला. २.४ गिगाहर्ट्झची लहर पोलादी टाकीतून आरपार जात नाही, हे ड्रॉइंगवर कसं दिसणार? स्टेशनं एकमेकांमार्फत सिग्नल पुढे पाठवतात, म्हणून प्रत्येक स्टेशनला किमान तीन शेजारी स्टेशनं दिसायला हवीत असं तुमच्याच पुस्तिकेत छापलंय. संपजवळच्या स्टेशनला एकच दिसत होतं. शटडाऊनच्या काळात वाटेत परांची उभी राहिली आणि तो एकुलता एक रस्ताही बंद झाला.

त्याहून मोठी गोष्ट उंचीची. हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड आहे, खाली बसतो. सेन्सर जमिनीपासून फूटभर-दीड फूट वर हवा. तुमच्या टीमने स्टेशन डोक्याच्या उंचीवर लावलं. मी हरकत घेतली तर उत्तर मिळालं की खाली रेंज येत नाही. वायू कुठे साठतो ते बघून सेन्सरची जागा ठरते. रेंज कुठे मिळते ते बघून ठरवायची असेल तर अँटेना वर ठेवा आणि सेन्सर केबलने खाली आणा. तुमच्या कॅटलॉगमध्ये ते किट आहे. आम्हाला ते कुणी सुचवलंसुद्धा नाही. विषारी वायूंच्या डिटेक्टरची निवड, बसवणी आणि देखभाल यांसाठी आयईसी ६२९९०-२ हे मानक आहे आणि तुमच्या कोटेशनच्या पहिल्याच पानावर त्याचा उल्लेख आहे. तो छापण्याआधी कुणीतरी ते वाचावं.

स्टेशन मेलं कशाने, तर बॅटरीने. डायग्नोस्टिकच्या पानावर तिची शेवटची नोंद ७० टक्के होती. लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल शेवटपर्यंत जवळपास ३.६ व्होल्टच दाखवतो आणि मग एकदम खाली येतो. व्होल्टेज बघून त्याचे टक्के काढता येत नाहीत. किती करंट किती वेळ वापरला गेला याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तुटका रस्ता शोधत सारखं ट्रान्समिट करणारं स्टेशन बॅटरी भराभर खातं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरीही स्क्रीनवर टक्के दाखवता.

देखभाल कराराखाली आलेल्या तुमच्या तंत्रज्ञाने काय केलं तेही लिहून ठेवतो. त्याने संपच्या काठावर, आहे त्या हवेत झिरो घेतला, म्हणजे ती हवा शून्य धरायला यंत्राला शिकवलं. तिथल्या हवेत तेव्हा चार-पाच पीपीएम वायू असेल तर तो आता यंत्राच्या लेखी शून्य झाला आणि पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढ्याने कमी. झिरोसाठी शुद्ध हवेचा सिलिंडर आणायचा असतो. स्पॅनसाठी (ठाऊक प्रमाणाच्या वायूवर रीडिंग जुळवण्यासाठी) आणलेल्या २५ पीपीएमच्या सिलिंडरची मुदत संपलेली होती. हा वायू सिलिंडरमध्ये टिकत नाही, म्हणून तर तारीख छापतात. मी सिलिंडर परत न्यायला सांगितला. बम्प टेस्टबद्दल (थोडा वायू सोडून अलार्म येतो का ते बघण्याबद्दल) विचारलं, तर म्हणाला, “कॅलिब्रेशन केलंय ना, मग त्याची गरज नाही.” हूटर वाजतो का, बीकन पेटतो का, पॅनेलवर अलार्म पोहोचतो का, यातलं काहीही न तपासता त्याने सर्टिफिकेट दिलं. ते सर्टिफिकेट माझ्याकडे आहे.

पण हे सगळं एकवेळ सुधारता येईल. स्टेशन खाली आणता येईल, बॅटरी बदलता येईल, माणूस बदलता येईल. मेलेल्या स्टेशनसाठी हिरवा रंग दाखवणं, हे मी सोडून देऊ शकत नाही. आमच्याकडे एका माणसाच्या छातीवर दुसरा डिटेक्टर होता. तुमचं तेच फर्मवेअर इतर किती कारखान्यांत चाललंय ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी आज कुणीतरी हिरवा चौकोन बघून आत जातंय.

तेव्हा मला हे हवं आहे. संपर्क तुटल्यावर फॉल्ट दाखवणारं फर्मवेअर, आणि हा पर्याय साइटवर कुणालाही बंद करता येणार नाही असा. तोवर, हे फर्मवेअर चालवणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला लेखी सूचना. आमच्याकडे ड्रॉइंगवर नाही, जागेवर येऊन नवा सर्व्हे. आणि तुमच्या वरिष्ठांनी वासाबद्दल जे सांगितलं ते कंपनीचं मत आहे की नाही, याचं तुमच्या सहीचं उत्तर. ते कंपनीचं मत असेल तर जाहिरातीतही लिहा, म्हणजे विकत घेणाऱ्याला आधी कळेल.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पॅनेलचा लॉग, सर्टिफिकेट आणि तिकिटाच्या प्रती औद्योगिक सुरक्षा निरीक्षकांकडे आणि तुमच्या उत्पादनाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे जातील. देखभाल कराराचा पुढचा हप्ता मी आजच थांबवला आहे. मला हे करताना आनंद होत नाही. नव्या विभागासाठी तुमचंच नाव मी सुचवलं होतं, तुमच्या जुन्या डिटेक्टरनी आमची माणसं वाचवलेली मी पाहिली होती म्हणून.

संपजवळ आम्ही पुन्हा वायर ओढली आहे. तिथलं आणि पंप हाउसमधलं स्टेशन काढून स्टोअरमध्ये ठेवलंय. लिथियम सेल वेगळे काढलेत. ते धोकादायक माल म्हणूनच पाठवता येतात, त्यामुळे त्यांचं पॅकिंग आणि वाहतूक तुमच्या खर्चाने करा, आणि न्यायला येणाऱ्याकडे लेखी पत्र असू द्या.

विभागप्रमुख, इन्स्ट्रुमेंटेशन