कबूल आहे, साहेब

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

उत्तनच्या न्यायिक अकादमीत तुझे नव्या दंडाधिकाऱ्यांचे वर्ग सुरू झाले हे फोनवर कळलं. कलमं तुला तिथे माझ्यापेक्षा कितीतरी चांगली शिकवतील. मी नोकरीभर न्यायाधीशाच्या डायसच्या खाली बेंच क्लार्कच्या खुर्चीत बसलो. तिथून आरोपीचा चेहरा आणि त्याच्या कानाशी लागलेला माणूस, दोघंही दिसतात. वर बसल्यावर समोर कागद फार असतात, म्हणून हे लिहितो.

सबजेलमधून कैदीपार्टी, म्हणजे कैद्यांची ने-आण करणारे पोलिस, पोरं घेऊन येते. त्यातला एखादा विहिरीवरची केबल नाहीतर मोटारसायकल चोरल्याच्या आरोपाखाली चार-पाच महिने आत असतो. बऱ्याचदा जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. मजुरी बुडवून तलाठ्यापासून तहसीलपर्यंत ऐपतीच्या दाखल्यासाठी, म्हणजे जामीनदाराकडे तेवढी मालमत्ता असल्याच्या कागदासाठी, फिरणार कोण? 1978 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं होतं. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्या. कृष्ण अय्यरांनी त्या निकालात खालच्या कोर्टांची चांगलीच कानउघाडणी केली. तालुक्याच्या कोर्टात मात्र ऐपतीचा दाखला अजून मागतात.

अशा पोराला कोणीतरी सांगतं, "कबूल करून टाक, भोगलेली शिक्षा धरतील, संध्याकाळी घरी." सांगणारा कधी हवालदार असतो, कधी त्याचाच वकील, कधी आतला जुना कैदी. पुकारा होतो, आरोप वाचून दाखवला जातो, पोरगा खाली बघत म्हणतो, "कबूल आहे, साहेब." आत काढलेल्या दिवसांइतकीच शिक्षा, वर थोडा दंड. पाच मिनिटांत प्रकरण निकाली. पोलिसांच्या खात्यात एक दोषसिद्धी, कोर्टाच्या तक्त्यात एक निकाल, पोरगा एसटीत. मला ते वर्षानुवर्षं खटकत आलं, कारण त्याने केबल चोरली की नाही हे त्या पाच मिनिटांत कोणीच तपासलेलं नसतं.

त्याची किंमत पुढे येते. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 303 कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, आणि तिथे तुझे हात बांधलेले. कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांसाठी, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेत, 479 कलम आहे. आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांसाठी अर्धा काळ. म्हणजे तीन वर्षांच्या गुन्ह्यात पहिल्याला एक वर्ष, दुसऱ्याला दीड. त्या दिवशी घरी जायच्या घाईत पोरगा ही सवलत गमावून बसतो, आणि पोलिस पडताळणीत नोकरी जाते ती वेगळीच.

त्याच कलमात आणखी एक मेख आहे. एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असली की ही सवलतच मिळत नाही. आता स्थानिक पेपरातली नेहमीची बातमी आठव: एक चोरटा जेरबंद, सहा घरफोड्या उघडकीस. त्या सहातल्या किती खऱ्या त्याच्या, हे पुढे कितीदा सिद्ध होतं ते तू स्वतः बघ. पारध्याचं पोर असेल तर जास्तच नीट बघ. इंग्रजांनी 1871 साली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप कुठल्या पालांकडे जाते हे आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे.

म्हणून सांगतो, कबुलीवर दोषी ठरवणं तुझ्यावर बंधनकारक नाही. चोरीसारख्या वॉरंट खटल्यात, म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात, कबुली नोंदवून घेणं सक्तीचं आहे, तिच्यावरून दोषी धरायचं की नाही हे कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलंय. तो विवेक वापरताना मी फार थोड्यांना पाहिलं. एक साहेब मात्र आरोपीला विचारायचे, "काय केलंस ते तुझ्या शब्दांत सांग." निम्म्यांना सांगता यायचं नाही. मग ते कबुली बाजूला ठेवून साक्षीपुरावा लावायचे. वकील मंडळी कुरकुरायची, घड्याळ बघायची.

याचा अर्थ सगळे निर्दोष असतात असा नाही, हेही बजावतो. खरं चोरणारे मीही रग्गड पाहिलेत. चोरी केली असेल तर ती त्याचीच, गरिबीने ती पुसली जात नाही. त्याच वस्तीतली कष्टाने जगणारी माणसं हे तुझ्या-माझ्यापेक्षा कडवटपणे सांगतात. पण गुन्हा त्याचा ठरला तरी तुरुंगच ठरतो असं नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीला वेगळं ऐकून घ्यायची तरतूद 1973 च्या संहितेने आणली. प्रत्यक्षात रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ पडते: दया दाखवावी अशी विनंती. ती ओळ कित्येकदा मीच टाईप केली, आरोपीने तोंडही उघडलेलं नसायचं. तू घरी कोण आहे, काम काय करतो, शाळा कुठे सुटली हे विचार. 1958 चा परिवीक्षा कायदा, तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा, कपाटातून बाहेर काढ. एकवीसच्या आतल्या पोराला तुरुंगात पाठवायचं असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणं लिहावी लागतात. आता पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत केला तर, सामुदायिक सेवाही आहे. फक्त ती शिक्षा देताना कोणाला चौकात झाडू घेऊन उभं करून फोटो काढू देऊ नकोस.

फिर्यादीला विसरू नकोस. मंगळसूत्र गेलेली बाई कोर्टात येते तेव्हा आरोपीला किती वर्षं झाली हे क्वचित विचारते, तिला दागिना परत हवा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलंय की मुद्देमाल पंचनामा आणि फोटो करून लवकर परत द्या. तरी सोनं मालखान्यात पडून राहतं आणि तिच्या मुलीचं लग्न होऊन जातं.

लोकांच्या रागाचंही थोडं. मे 2024 मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव गेला, त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि त्यावरून सगळा महाराष्ट्र पेटला. राग समजण्यासारखा होता, माझाही झाला. पण तो निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती, आणि हा फरक चॅनेलवर कोणी समजावून सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. तुझ्याही कोर्टाबाहेर कधी गर्दी जमेल. गर्दीला त्याच दिवशी शिक्षा हवी असते. त्या दिवशी तुझ्यापुढे फक्त जामिनाचा अर्ज असेल, तेवढाच ऐक.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कबुल्या नाकारल्यास की महिनाअखेरीच्या तक्त्यात तुझा निकालांचा आकडा शेजारच्या कोर्टापेक्षा कमी दिसेल. वरून विचारणा होईल. तोंडी खुलासा देऊ नकोस. प्रकरण क्रमांकासह लेखी लिही, कोणती कबुली का स्वीकारली नाही ते प्रत्येकासमोर एका ओळीत, आणि त्याची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, स्वतःच्या फाइलला लाव.

तुझा,
बाबा