संदेष्ट्यांच्या कानी पडला तो गडगडाट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अलिबाग तालुक्यातील खंडाळ्याच्या एलियाहू हनबी या ज्यू संदेष्ट्याच्या स्थानावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचनीय आहे. मात्र ‘हिब्रू संदेष्ट्यांशी देव हळू आवाजात बोलतो’ हे त्यातले विधान हिब्रू बायबलमधल्या एकट्या १ राजे, अध्याय १९ च्या आधारावर केलेले दिसते. तिथेही होरेब डोंगरावर एलियाहूसमोर आधी खडक फोडणारा वारा, मग भूकंप, मग अग्नी आहे. मंद वाणी येते ती सर्वांत शेवटी.

यशयाच्या ६व्या अध्यायात सराफीम, म्हणजे देवाचे स्वर्गीय सेवक, एकमेकांना ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ अशी हाक देतात आणि मंदिराचे दार हादरते, आत धूर भरतो. हा हादरा सेवकांच्या हाकेचा. देव अजून बोललेलाही नाही. संदेष्टा यहेज्केल तर अधिकच बारकाईने वाचावा लागतो. इ.स.पू. ५९३ च्या सुमारास तो बाबेलमध्ये, खबार कालव्याकाठी, बंदिवासातल्या लोकांत आहे. दर्शनातल्या चार प्राण्यांच्या पंखांचा आवाज त्याला महाजलांसारखा वाटतो, सर्वसमर्थाच्या वाणीसारखा वाटतो, लष्कराच्या तळावरच्या कल्लोळासारखाही वाटतो (१:२४). एका उपमेत तो मावत नाही, असेच आम्हांला वाटते. पुढे प्राणी थांबतात, पंख खाली घेतात आणि मग अंतराळाच्या वरून वाणी येते. कीर्तनात किंवा प्रवचनात हे दोन आवाज एकच करून सांगितले की दर्शनाचा क्रमच विस्कटतो. रेवदंड्याला आषाढात समुद्र ऐकलेल्यांना ‘महाजले’ समजावून सांगावी लागणार नाहीत. पण यहेज्केलसमोर समुद्र नव्हता, साधा कालवा होता, हेही ध्यानात ठेवावे.

सिनाय डोंगरावर शोफारचा, म्हणजे शिंगाच्या कर्ण्याचा, नाद उत्तरोत्तर वाढत गेला (निर्गम १९:१९). ११व्या शतकातला भाष्यकार राशी नेमके इथेच बोट ठेवतो: माणूस जितका वेळ फुंकेल तितका त्याचा आवाज पडत जातो, इथे उलटे घडले. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, शोफार फुंकतात तेव्हा तकिया म्हणजे सलग एक, शवारीम म्हणजे तीन तुटक आणि तरुआ म्हणजे किमान नऊ झटके. रूढ प्रथेत एकूण १०० नाद होतात. घाई झाली की शवारीमचे तुकडे एकमेकांत मिसळतात. शिंग लांबीत पूर्ण चिरले असेल तर ते बादच.

लेखकाने जिला ‘मौन प्रार्थना’ म्हटले आहे ती अमिदा, उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना. ती पुटपुटून झाली की हझान (प्रार्थना चालवणारा) मोठ्याने पुन्हा म्हणतो आणि त्यात केदुशा, म्हणजे देवाच्या पावित्र्याचा घोष, येतो: यशया ६:३ आणि यहेज्केल ३:१२ यांची जोडणी. पाय जुळवून उभे राहायचे, दर ‘कादोश’ला (‘पवित्र’ला) टाचा उचलायच्या, उड्या मारायच्या नाहीत. दहा जणांचा मिन्यान (प्रार्थनेसाठी लागणारी गणसंख्या) नसेल तर केदुशा म्हणता येत नाही. आज कोकणातल्या बऱ्याच गावांत तेवढी ज्यू माणसेच उरलेली नाहीत. तिथे ऐकू येणारी शांतता धर्माची शिकवण समजू नये.

आपले,
काही वाचक, रेवदंडा